एका गोलाचा हिशेब

१५ एप्रिल २०१८. ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट शहरी राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचा अखेरचा दिवस होता. महिलांच्या नेटबॉलमध्ये कांस्यपदकासाठी जमैका आणि न्यूझीलंड समोरासमोर उभे होते. साठ मिनिटे संपली तेव्हा फलक ६० विरुद्ध ५५ असा होता आणि साठ जमैकाचे होते. काळ्या पोशाखावर नेच्याचे रुपेरी पान मिरवणारा, ‘सिल्व्हर फर्न्स’ या नावाने ओळखला जाणारा न्यूझीलंडचा संघ रिकाम्या हातांनी परतला.

या पराभवाचे वजन समजण्यासाठी मागचे खाते पाहावे लागते. १९९८ साली क्वालालंपूर येथे नेटबॉल राष्ट्रकुल स्पर्धांत प्रथम आले. तेव्हापासून २०१४ पर्यंतच्या पाचही स्पर्धांत अंतिम सामना ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यातच झाला होता. न्यूझीलंड पदकाविना परतल्याचे एकही उदाहरण नव्हते. या वेळी मात्र साखळीतच मलावीने ५७-५३ असे हरवले. मलावीने न्यूझीलंडला हरवण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानंतर इंग्लंडकडून हार झाली. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने तब्बल एकवीस गोलांनी मात केली आणि शेवटी जमैकाने कांस्यही नेले. जुन्या नावाजलेल्या पेढीने एकाच हंगामात चारही बाजूंनी तोटा सोसावा, तसा हा प्रकार होता.

तोटा प्रत्येक व्यवहारात येतो. तो वहीत कसा लिहिला जातो, यावर पुढचे वर्ष अवलंबून असते. काही जण तो ‘किरकोळ खर्च’ या सदरात लपवतात, काही बाजाराला दोष देतात, आणि थोडे जण तो आहे तसा तारखेसह मांडतात. सिल्व्हर फर्न्सच्या इतिहासातील पुढच्या पंधरा महिन्यांची गोष्ट ही अशा मांडणीची गोष्ट आहे. मात्र तिची मुळे ऐंशी वर्षे मागे जातात.

नेटबॉल हा खेळ भारतीय घरांतून फारसा पाहिला जात नाही, म्हणून त्याची रीत थोडक्यात सांगणे योग्य ठरेल. सुमारे साडेतीस मीटर लांब आणि सव्वापंधरा मीटर रुंद मैदान, दोन्ही टोकांस दहा फूट उंचीच्या खांबावर एक कडे. बास्केटबॉलप्रमाणे कड्यामागे फळी नसते, त्यामुळे चेंडू आपटवून आत घालण्याची सोय नाही. तो सरळ कड्यातूनच पडावा लागतो. प्रत्येक बाजूस सात खेळाडू असतात. प्रत्येकीच्या अंगावर तिच्या जागेची अक्षरे असतात आणि मैदानाच्या कोणत्या भागात तिने जायचे, हे त्या अक्षरांनी ठरते. गोल करण्याचा अधिकार सातांपैकी फक्त दोघींना असतो. पंधरा मिनिटांचे चार भाग मिळून सामना साठ मिनिटांचा होतो.

या खेळाचा सर्वांत लक्षणीय नियम चेंडू बाळगण्यासंबंधी आहे. हातात आलेला चेंडू तीन सेकंदांच्या आत पुढे द्यावाच लागतो, आणि तो घेऊन धावता येत नाही. प्रतिस्पर्धी खेळाडूने चेंडू धरणारीपासून सुमारे तीन फूट दूर राहावे लागते आणि अंगाला धक्का लावणे दंडास पात्र ठरते. म्हणजे मिळालेली वस्तू साठवून ठेवण्याची मुभा येथे कोणालाही नाही. कितीही कुशल खेळाडू असली तरी तिला सहा जणींवर विश्वास ठेवावाच लागतो. अपरिग्रहाचे व्रत ज्या घरांत लहानपणापासून कानी पडते, तेथे हा नियम वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

१८९१ साली अमेरिकेत जेम्स नायस्मिथ यांनी बास्केटबॉलचा खेळ तयार केला. इंग्लंडमधील स्त्रियांच्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांत त्याचे रूप पालटत गेले आणि १९०१ साली नव्या खेळाचे नियम छापले गेले. न्यूझीलंडमध्ये हा खेळ १९०६ साली जे. सी. जेमिसन या ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी आणला. चर्चच्या बायबल वर्गांतील मुलींमध्ये तो प्रथम रुजला आणि तेथून शाळांत व गावोगावच्या मंडळांत पसरला. तेव्हा त्यास ‘महिलांचे बास्केटबॉल’ म्हणत. नेटबॉल हे नाव तेथे १९७० साली अधिकृत झाले. १९२४ साली या मुलींच्या खेळासाठी देशपातळीवरील संघटना उभी राहिली आणि १९२६ साली डनेडिन येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

राष्ट्रीय संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना २० ऑगस्ट १९३८ रोजी मेलबर्नच्या रॉयल पार्कमध्ये ऑस्ट्रेलियाशी झाला. न्यूझीलंडच्या मुली मायदेशी प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू घेऊन खेळत असत. ऑस्ट्रेलियात सातांचा खेळ होता आणि सामना त्याच रीतीने झाला. निकाल लागला ४०-११. वहीच्या पहिल्याच पानावर नावे बाजूला एकोणतीस गोलांची रक्कम पडली. पुढे १९६० साली त्या काळच्या सिलोनमध्ये निरनिराळ्या देशांच्या प्रतिनिधी एकत्र आल्या, सर्वांसाठी एकच नियमावली ठरली आणि दर चार वर्षांनी जागतिक स्पर्धा भरवण्याचा निर्णय झाला.

१९६३ साली इंग्लंडमधील ईस्टबोर्न येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. पंचवीस वर्षांपूर्वी एकोणतीस गोलांनी हरलेला संघ या वेळी ऑस्ट्रेलियाकडून ३७-३६ असा हरला. अंतर एका गोलावर आले होते. त्या दिवसापासून तो एक गोल या संघाच्या खात्यातून कधी पुरता गेलाच नाही.

चार वर्षांनी, १९६७ मध्ये, पर्थ येथे तैनी जेमिसन यांच्या मार्गदर्शनाखाली न्यूझीलंड प्रथमच जगज्जेते झाले, आणि तेही ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर. १९७९ साली त्रिनिदाद येथे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि यजमान त्रिनिदाद-टोबॅगो या तिन्ही संघांना विजेतेपद वाटून देण्यात आले. १९८७ साली ग्लासगो येथे लोइस म्युर यांच्या संघाने ते पुन्हा, या वेळी निर्विवादपणे, जिंकले. जमेची बाजू भरत होती.

मग १९९१ साली सिडनीत अंतिम सामना ५३-५२ असा गेला. १९९९ साली क्राइस्टचर्चमध्ये, स्वतःच्या घरी, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, अखेरचा पंधरा मिनिटांचा भाग सुरू होताना न्यूझीलंड पुढे होते. ऑस्ट्रेलियाने एकेक गोल करीत अंतर मिटवले आणि शेवटच्या क्षणांत शॅरेल मॅकमॅहन यांचा चेंडू कड्यातून खाली आला. ४२-४१. २००३ साली जमैकातील किंग्स्टन येथे रूथ एटकेन यांच्या संघाने ४९-४७ असे विजेतेपद परत मिळवले. पण २०११ साली सिंगापुरात जादा वेळेनंतर पुन्हा ५८-५७ अशी हार झाली. १९६३, १९९१, १९९९, २०११. चार जागतिक विजेतेपदे, प्रत्येक वेळी एकच गोल कमी आणि समोर प्रत्येक वेळी तोच शेजारी.

व्यापारात सातत्याने थोडक्यात हुकणाऱ्या सौद्यांचा धोका मोठ्या तोट्यापेक्षा वेगळा असतो. मोठा तोटा माणसाला जागे करतो. थोडक्यात हुकलेला सौदा मात्र ‘आपले काही चुकले नाही, नशीब आड आले’ असे समाधान देतो. एका गोलाने हरणाऱ्या संघालाही हा मोह असतोच.

या काळात आनंदाचे दिवस नव्हते असे नाही. २००६ साली मेलबर्न येथे राष्ट्रकुल सुवर्णपदक न्यूझीलंडकडे आले. त्यानंतरचे सुवर्ण तर भारताच्या भूमीवर, १४ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या त्यागराज क्रीडासंकुलात जिंकले गेले. यजमान म्हणून भारताचा महिला संघही त्या स्पर्धेत खेळला होता. अंतिम सामन्यात साठ मिनिटांनंतर बरोबरी झाली. जादा वेळेनंतरही बरोबरीच राहिली. मग जो संघ दोन गोलांची आघाडी घेईल तो विजेता, या नियमाने खेळ सुरू राहिला. थकलेल्या पायांनी दोन्ही संघ एकेक गोल करीत राहिले आणि अखेर मारिया टुटाइया यांच्या गोलाने ६६-६४ असा निकाल लागला. त्या संघात कर्णधार केसी विल्यम्स होत्या, मैदानाच्या मध्यभागी अथक धावणाऱ्या लॉरा लँगमन होत्या आणि दक्षिण आफ्रिकेतून येऊन न्यूझीलंडच्या झालेल्या, गोल सहसा न चुकवणाऱ्या आयरीन व्हॅन डाइक होत्या. यांतील तीन नावे या कथेत पुन्हा येतील.

१९९९ साली क्राइस्टचर्चमध्ये जो संघ एका गोलाने हरला, त्यात नोलीन तौरुआ नावाची एक माओरी खेळाडू होती. गुडघ्याच्या दुखापतीने तिचे खेळणे थांबले. पुढे त्या प्रशिक्षक झाल्या आणि २०१२ साली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या संघांच्या एकत्रित साखळी स्पर्धेत त्यांनी वायकाटो-बे ऑफ प्लेन्टीच्या संघाला विजेतेपद मिळवून दिले. न्यूझीलंडच्या संघाने ती स्पर्धा जिंकल्याचे ते एकमेव उदाहरण. २०१५ साली राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद रिकामे झाले, तेव्हा त्यांची निवड झाली नाही. पाच मुलांची आई असलेल्या या बाईंनी मायदेशाबाबत कटुता न बाळगता ऑस्ट्रेलियात काम स्वीकारले आणि नव्याने स्थापन झालेल्या सनशाइन कोस्टच्या संघाला २०१७ व २०१८ अशी सलग दोन वर्षे तेथील विजेते केले.

इकडे गोल्ड कोस्टच्या अपयशानंतर न्यूझीलंडच्या संघटनेने स्वतंत्र समीक्षा करवून घेतली. संघाचे नेतृत्व, निवड, तयारी हे सारे बाहेरच्या माणसांपुढे मांडले गेले. जैन परंपरेत आलोचना या शब्दाला जो अर्थ आहे, त्याची येथे आठवण होते. स्वतःच्या मनाशी चूक कबूल करणे सोपे असते, ती गुरूंसमोर उच्चारणे कठीण. तिचा उच्चार झाला की मगच प्रायश्चित्ताला अर्थ येतो. समीक्षेनंतर तत्कालीन प्रशिक्षक पदावरून दूर झाल्या आणि ऑगस्ट २०१८ मध्ये नोलीन तौरुआ यांना बोलावण्यात आले. विश्वचषकाला एक वर्षही उरले नव्हते.

त्यांनी प्रथम हाती घेतली ती शारीरिक क्षमता. धावण्याच्या चाचण्यांची एक पातळी ठरली आणि ती न गाठणाऱ्या खेळाडूस, तिचे नाव कितीही मोठे असो, संघाचे दार उघडणार नाही असे सांगण्यात आले. नियम कठोर होता, पण सर्वांना सारखाच होता. वजनमापात एका गिऱ्हाइकासाठी तागडी झुकवली की पेढीची पत जाते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आग्रहाचे मर्म कळेल. एका गोलाने हरणारा संघ बहुधा शेवटच्या पाच मिनिटांत हरतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत कौशल्यापेक्षा दम कामी येतो. जुन्या चारही पराभवांच्या हिशेबाचे उत्तर त्यांनी पायांच्या ताकदीत शोधले.

दुसरे काम माणसे परत जोडण्याचे होते. लॉरा लँगमन ऑस्ट्रेलियातील साखळीत खेळत असल्यामुळे नियमानुसार गोल्ड कोस्टच्या संघात अपात्र ठरल्या होत्या. त्यांच्यासाठी सवलत मिळवण्यात आली आणि कर्णधारपद त्यांच्याकडे आले. दिल्लीच्या कर्णधार केसी, ज्या विवाहानंतर केसी कोपुआ झाल्या, त्या एका मुलीची आई होऊन आंतरराष्ट्रीय खेळातून बाहेर पडल्या होत्या. त्यांना पुन्हा बोलावण्यात आले. दिल्लीत अखेरचा गोल करणाऱ्या मारिया टुटाइया आता मारिया फोलाऊ या नावाने गोलाची जबाबदारी सांभाळत होत्या. बाळंतपणानंतर स्त्रीचा खेळ संपतो, हा समज त्या संघाने शांतपणे बाजूला ठेवला. सून घरात आली, मूल झाले, म्हणजे तिच्या अंगचा गुण गाठोड्यात बांधून माळ्यावर ठेवायचा, ही रीत ज्या ज्या समाजात आजही आढळते, तेथे ही एक गोष्ट थांबून पाहण्याजोगी आहे. कोपुआ यांचा अनुभव संघाला हवा होता आणि तो त्यांनी मागून घेतला.

जुलै २०१९ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे विश्वचषक सुरू झाला. उपांत्य फेरीपूर्वीच न्यूझीलंडची गाठ ऑस्ट्रेलियाशी पडली आणि निकाल लागला ५०-४९. पुन्हा एकच गोल कमी, समोर पुन्हा तोच संघ. जुनी जखम उघडावी असा तो क्षण होता. पण त्या पराभवाने संघाला हेही सांगितले की अंतर एका गोलाहून अधिक उरलेले नाही. उपांत्य सामन्यात यजमान इंग्लंडला त्यांनी ४७-४५ असे रोखले.

२१ जुलैला अंतिम सामना झाला. पूर्वीच्या अंतिम सामन्यांत दिसलेले चित्र अखेरीस पुन्हा दिसू लागले. न्यूझीलंड पुढे होते आणि ऑस्ट्रेलिया एकेक गोल भरून काढीत जवळ येत होते. क्राइस्टचर्चच्या पराभवाला वीस वर्षे झाली होती आणि तेव्हा संघात असलेली बाई आता बाजूला उभी राहून पाहत होती. अंतर पुन्हा एका गोलावर आले. फरक इतकाच की या वेळी तो गोल जमेच्या बाजूस होता. काळ्या पोशाखातील सात जणींनी घाई केली नाही. चेंडू हातातून हातात फिरत राहिला, प्रत्येकीने तीन सेकंदांच्या आत तो पुढे दिला आणि वेळ संपली. ५२-५१. सोळा वर्षांनंतर न्यूझीलंड पुन्हा जगज्जेते झाले होते आणि पदकाविना परतल्याला जेमतेम पंधरा महिने लोटले होते.

या विजयाला एक पुरवणी आहे आणि व्यापारी घरांतील वाचकांना ती विशेष वाटेल. जागतिक विजेतेपदासाठी स्पर्धेकडून कोणतीही बक्षिसाची रक्कम ठेवलेली नव्हती. ज्या काळात पुरुषांच्या क्रीडास्पर्धांत कोट्यवधींचे व्यवहार होतात, त्या काळात या बारा जणींना मैदानावर मिळाले ते पदक आणि चषक. न्यूझीलंडमध्ये याची मोठी चर्चा झाली आणि ती होणे योग्यच होते. श्रमाचे मोल न देणे हा त्यागाचा गौरव नसतो, ती देणाऱ्याची थकबाकी असते. मुलीच्या खेळावर, शिक्षणावर किंवा दुकानातील तिच्या कामावर ‘घरचेच आहे’ म्हणून काही न लिहिणारी वही अपुरीच म्हणावी लागेल. ज्यांनी पैशाची अपेक्षा न ठेवता पहाटे उठून धावण्याच्या चाचण्या दिल्या, त्यांचा मोठेपणा मान्य करूनही हे म्हणता येते.

यश मिळाले म्हणून खाते बंद होत नाही. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तौरुआ यांच्या संघाने इंग्लंडला हरवून कांस्यपदक मिळवले. २०२३ साली केपटाउनच्या विश्वचषकात मात्र न्यूझीलंड उपांत्य सामन्यात इंग्लंडकडून आणि कांस्यपदकाच्या सामन्यात जमैकाकडून हरले. जागा पुन्हा चौथी. गोल्ड कोस्टला ज्या पायरीवर संघ उभा होता, पाच वर्षांनी त्याच पायरीवर परत आला. जगज्जेतेपदाचा अनुभव गाठीशी असूनही त्यांना तयारी मुळापासून करावी लागणार होती.

१९३८ पासूनचा सारा हिशेब आज एकत्र मांडला तर जमेस पाच जागतिक विजेतेपदे दिसतात, त्यांपैकी एक वाटून घेतलेले. राष्ट्रकुलची दोन सुवर्णपदके दिसतात. नावे बाजूला ऑस्ट्रेलियाकडून झालेल्या पराभवांची लांब यादी आहे आणि तिच्यात एका गोलाचे ते चार आकडे आहेत. न्यूझीलंडमध्ये हे आकडे कोणी खोडलेले नाहीत. १९९९ चा तो शेवटचा गोल तेथे अजून सांगितला जातो, कारण २०१९ चा आनंद त्याच्यावाचून पुरता समजत नाही.

संवत्सरीच्या दिवशी मिच्छामि दुक्कडम् म्हणताना मागील वर्ष पुसले जात नाही. ते आठवूनच क्षमा मागितली जाते आणि दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीच्या वेळी उघडते. नोलीन तौरुआ यांना वीस वर्षे एका गोलाची आठवण पुरली. तो त्यांनी विसरण्याचा प्रयत्न केला नाही, इतरांवर ढकललाही नाही. संधी आली तेव्हा त्या गोलाइतकीच, म्हणजे नेमकी एका गोलाची, परतफेड झाली. ताळा जुळला तो इतक्या साध्या आकड्याने.